इंग्रजी मुदपाकखान्यांतील शब्द

इंग्रजी शिकूं लागलेल्या मराठी मुलाला एक चमत्कार फार लवकर आढळतो. जनावर कुरणांत चरत असतां त्याचें नांव एक, आणि तेंच ताटांत येऊन पडलें कीं दुसरें. जिवंत बैल तो ‘ऑक्स’, त्याचें मांस ‘बीफ’. वासरूं तें ‘काफ’, त्याचें मांस ‘व्हील’. मेंढी ती ‘शीप’, तिचें मांस ‘मटन’. डुक्कर तें ‘स्वाइन’, त्याचें मांस ‘पोर्क’. मुलें ह्या जोड्या पाठ करतात आणि पुढें जातात. असें कां, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

कारण शोधावयाचें तर १०६६ सालापर्यंत मागें जावें लागतें. त्या वर्षीं १४ ऑक्टोबर रोजीं हेस्टिंग्जच्या लढाईंत नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम यानें इंग्रजांचा राजा हॅरल्ड याचा पराभव केला. पुढें दीर्घ काळ इंग्लंडच्या दरबाराची आणि सरदारांच्या वाड्यांची भाषा फ्रेंच होऊन बसली. गुरें राखणारा इंग्रज, मांस खाणारा नॉर्मन. राखणाऱ्याचा शब्द गोठ्यांत राहिला. खाणाऱ्याचा पंक्तीला बसला. १८१९ सालीं निघालेल्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरींत सर वॉल्टर स्कॉटनें हें मर्म एका विदूषकाच्या तोंडीं घातलें आणि तेव्हांपासून तें सर्वतोमुखीं झालें.

स्कॉटचें चित्र ठसठशीत खरें, पण तें जसेंच्या तसें घेऊं नये. मासळी पाण्यांतही ‘फिश’ आणि ताटांतही ‘फिश’च; कोंकराचेंही तसेंच. शिवाय १६०० सालीं छापलेल्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकांत शायलॉक ‘मटन’ व ‘बीफ’ हे शब्द जिवंत जनावरांसच लावतो. म्हणजे विल्यमनंतर पांचशें वर्षें लोटलीं तरी शब्दांची वाटणी पुरती झाली नव्हती. (तोच ‘मटन’ महाराष्ट्रांत येऊन ‘मटण’ झाला आणि मेंढी सोडून बहुधा बोकडास चिकटला, हा त्याचा पुढचा प्रवास!)

परकी शब्द मुदपाकखान्यांत शिरले ते केवळ नॉर्मनांबरोबर, असेंही नाहीं. ‘कुक’, ‘किचन’, ‘बटर’, ‘चीज’ हे शब्द मूळचे लॅटिन, आणि ते विल्यमच्या कितीतरी आधीं इंग्रजींत रुजले होते. अस्सल देशी काय उरलें, म्हणाल तर भाकरीचें घराणें. भाजणें या अर्थीं ‘बेक’, पीठ मळणें या अर्थीं ‘नीड’, हे शब्द इंग्रजांचे स्वतःचे. पावाच्या लादीला ‘लोफ’ म्हणतात. तिचें जुनें रूप ‘ह्लाफ’. त्या ह्लाफाचा जो राखणदार तो ‘लॉर्ड’, आणि ती मळणारी ती ‘लेडी’. आज सरदारांच्या सभेंत मिरवणाऱ्या या दोन पदव्यांचा उगम पिठाच्या परातींत आहे, हें त्या पदव्या धारण करणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानांत येत असेल.

याउलट ‘बॉइल’, ‘फ्राय’, ‘रोस्ट’, ‘स्ट्यू’ हीं क्रियापदें फ्रेंचांकडून आलीं. उकळण्याचा देशी शब्द ‘सीद’ चुलीवरून हळूहळू खालीं उतरला, आणि आतां मुख्यतः रागानें आंतल्याआंत उकळणाऱ्या माणसाविषयीं वापरला जातो. ‘डिनर’ हाही फ्रेंचच. मुळांत त्याचा अर्थ उपास सोडणें. ‘ब्रेकफास्ट’चाही अर्थ तोच. दिवसाच्या दोन टोकांना एकाच अर्थाचे दोन शब्द, आणि दोहोंपैकीं भारी पोशाख करून जावयाचें तें मात्र फ्रेंच नांवाच्या जेवणाला!

सातशें वर्षांनंतरही ही तेढ मिटली नव्हती. १७४७ सालीं लंडनमध्यें हॅना ग्लास या बाईंनीं ‘आर्ट ऑफ कुकरी’ हें पाकशास्त्राचें पुस्तक काढलें. मुखपृष्ठावर आपलें नांव न घालतां ‘एका कुलीन स्त्रीनें रचिलेलें’ एवढेंच त्यांनीं छापविलें. प्रस्तावनेंत त्या स्पष्टच सांगतात कीं, आपण मोठ्या लोकांची डौलदार भाषा मुद्दामच टाळली आहे. मांसांत चरबीचे तुकडे खोवण्यास त्या वेळचे आचारी एक भारदस्त फ्रेंच शब्द वापरीत; स्वयंपाकघरांत राबणाऱ्या गरीब मुलीस तो कळावा कसा? डुकराच्या मांसाचे लहान तुकडे खोवा, असें साध्या शब्दांत सांगितलें म्हणजे तिला समजतें. फ्रेंच आचाऱ्यांच्या उधळपट्टीवरही त्यांनीं झोड उठविली आहे. शब्द न कळल्यानें पदार्थ बिघडला, तर धनिणीचे बोल खाणार ती मुलगी. शब्द पसरणारा आचारी नव्हे. हा न्याय त्या बाईंनीं ओळखला, म्हणूनच त्यांचें पुस्तक घरोघर गेलें. बाईंचा स्वतःचा संसार मात्र सांवरला नाहीं. १७५४ सालीं त्यांचें दिवाळें निघालें.

याच पुस्तकांत हिंदुस्थानी पद्धतीच्या ‘करी’ची कृति आहे. त्यांतील ‘करी’ हा शब्द तमिळ ‘कऱि’चा. सुमारें १३९० च्या राजा रिचर्डच्या आचाऱ्यांच्या पोथीच्या नांवांत जो ‘क्युरी’ शब्द आहे, त्याच्याशीं याचें नातें नाहीं; तो फ्रेंच असून त्याचा अर्थ नुसता पाकक्रिया. आपल्याकडील शब्दांनीं पुढें त्या घरांत बरीच जागा मिळविली. तमिळ मिळगु-तण्णीर म्हणजे मिऱ्यांचें पाणी, तें ‘मलिगटॉनी’ झालें. खिचडीची ‘केजरी’ झाली, तिच्यांत धुरी दिलेली मासळी आणि उकडलेलीं अंडीं पडलीं. युल आणि बर्नेल यांनीं १८८६ सालीं ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत असे शब्द गोळा केले.

ग्लासबाईंच्या पहिल्या आवृत्तींतील त्या करींत हळद नाहीं, आलें नाहीं. कोंबडी किंवा सशाचे तुकडे, तीनचार लहान कांदे, मोजून तीस मिरीं, चमचाभर तांदूळ आणि धने. आणि ते धने विस्तवावर भाजावयाचे कशांत, तर एका स्वच्छ फावड्यावर.