दुसरी ऑर्डर कुठून येते?

बसमध्ये उभे असाल, भांडी घासत असाल, नाहीतर एखाद्या पार्सलवर टेप चिकटवत असाल, जिथे असाल तिथून ऐका. आज बोलायचंय छोट्या ऑनलाइन दुकानांबद्दल.

आपल्यातल्या कितीतरी जणांनी इन्स्टाग्रामवर पेज उघडलंय. कोणी कुर्ते विकतं, कोणी कानातले, कोणी आजीच्या हातचं मेतकूट. पहिल्या महिन्यात मैत्रिणी घेतात, आत्या-काकू घेतात, सगळे हार्ट टाकतात. आणि मग एकदम शांतता. मग आपण म्हणतो, रील चाललं नाही, जाहिरातीवर थोडे पैसे टाकूया. पण ज्यांनी एकदा घेतलं होतं, ते परत का आले नाहीत, हे कोणी विचारतच नाही.

मी माझ्या मावशीच्या कांदा-लसूण मसाल्याच्या दुकानाचं मोबाइलवरचं सगळं काम बघते. दुकान म्हणजे काय, तर सांगलीतलं तिचं घर, एक वजनकाटा, एक सीलिंग मशीन आणि माझा फोन. तिच्या घराचा हप्ता आणि धाकट्याच्या क्लासची फी यातूनच जाते. त्यामुळे गिऱ्हाईक परत येतं की नाही, यावर आमच्याकडे दर महिन्याला खरंच काहीतरी अवलंबून असतं.

आधी हिशोब बघू. आकडे सोपे घेते, तुम्ही तुमचे घाला. समजा अर्धा किलो मसाल्याचं पाकीट ४०० रुपयांना विकलं. मिरची, खोबरं, तेल, कांडप, मजुरी धरून खर्च २२०. पॅकिंग २०. कुरिअर ७०. हातात राहिले ९०. आता हे नवीन गिऱ्हाईक जाहिरातीतून आलं असेल आणि त्याला आणायला १२० रुपये लागले असतील, तर पहिल्या ऑर्डरवर आपण ३० रुपये तोट्यात आहोत. हो, विकूनसुद्धा तोट्यात!

पण तीच ताई वर्षात पाच वेळा आली, तर? पाच नव्वदे साडेचारशे, त्यातून जाहिरातीचे १२० वजा. राहिले ३३०. पुढच्या वर्षी जाहिरात लागत नाही, म्हणजे पूर्ण ४५०. सांगायचं एवढंच, की पहिल्या ऑर्डरने दुकान उघडतं, पण चालतं ते दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरवर.

आता ती दुसरी ऑर्डर येते कशाने?

पहिली गोष्ट, माल दर वेळी तोच निघाला पाहिजे. ऐकायला साधं वाटतं, पण घरगुती मालात हेच सगळ्यात अवघड असतं. ब्याडगी मिरचीने रंग येतो, लवंगीने तिखटपणा. नवीन मिरची आली की मसाला थोडा बदलतो. मावशी दर घाणीतला थोडा मसाला बरणीत ठेवते आणि नवीन घाणी झाली की दोन्हींची आमटी करून चव बघते. फरक पडला असेल तर पाकिटात चिठ्ठी जाते: 'या वेळचा मसाला जरा तिखट आहे, अर्धा चमचा कमी घाला.' एवढी एक ओळ. गिऱ्हाइकाला फरक चालतो हो, पण तो आधी सांगितलेला हवा. कपडे विकत असाल तर रंग आणि माप, दोन्हींबद्दल हेच. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, फिल्टर लावू नका, छाती-कंबर इंचात लिहा. नुसतं 'एल' लिहून भागत नाही, कारण प्रत्येकाचा 'एल' वेगळा.

आणि पाकिटावरची माहिती कंटाळा न करता छापा. वजन, किंमत, कधी बनवलं, कुठे बनवलं, तक्रारीसाठी फोन नंबर. खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर. अनोळखी घरातला मसाला आपल्या पोराबाळांना खायला घालायचा, तर माणूस पाकीट उलटून बघतोच.

दुसरी गोष्ट, पैसे कसे घेता. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली की ऑर्डरी वाढतात, पण त्यातलं पार्सल परत आलं तर मार खातो आपणच. वरच्याच आकड्यांत बघा. जायचे ७०, यायचे ७०, पॅकिंगचे २०. झाले १६० रुपये, आणि विकलं काहीच नाही. आम्ही पार्सल पाठवण्याआधी फोन करतो. 'ताई, पत्ता परत एकदा सांगता का? पिनकोड बरोबर आहे ना? घरी कोण असेल?' दोन मिनिटं जातात. पण समोरच्याला कळतं, की पलीकडे माणूस आहे. पुढच्या वेळी तीच ताई आपणहून यूपीआयने पैसे पाठवते. विश्वास बसायला एक पार्सल जावं लागतं, बस.

तिसरी गोष्ट, आणि इथे जरा थांबूया. काहीतरी बिघडतं तेव्हा तुम्ही काय करता? गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या एका ताईंना पाठवलेलं पाकीट वाटेत फुटलं. बॉक्स भिजला होता, आतला मसाला ओला. त्यांनी रात्री फोटो पाठवला, वर फक्त एक प्रश्नचिन्ह. कुरिअरवाल्यांशी भांडायला आठ दिवस लागणार होते. मी मावशीला विचारलं, काय करायचं? दुसरं पाकीट पाठवायचं म्हणजे २२०, २० आणि ७०, एकूण ३१० रुपये. त्या ताईंकडून वर्षभरात सुटणार होते ३३०. म्हणजे वर्षाची सगळी कमाई एका फोटोत गेली! मावशी म्हणाली, "अगं, तिने पैसे मसाल्याचे दिलेत, चिखलाचे नाही. उद्या सकाळी पाठव. कुरिअरचं आपण आपलं बघू."

सकाळी पाकीट गेलं, दुहेरी पिशवीत. ताईंना कुठलाही फॉर्म भरायला लावला नाही, व्हिडिओ मागितला नाही. त्यानंतर त्या तीनदा आल्या, आणि त्यांच्याच सोसायटीतल्या दोघींनी ऑर्डर दिली. प्रत्येक वेळी असं होईलच असं मी म्हणत नाही. पण गिऱ्हाईक तुमची खरी परीक्षा घेतं ते अशाच दिवशी. सगळं सुरळीत असतं तेव्हा सगळीच दुकानं चांगली वाटतात.

आणि हा नुसता चांगुलपणा नाहीये बरं का. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांच्या आत द्यावी लागते आणि एका महिन्यात ती सोडवावी लागते. माल खराब निघाला किंवा सांगितल्यासारखा नसेल, तर परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. छोट्या दुकानाला ४८ तास कशाला लागतात? आपण ४८ मिनिटांत उत्तर देऊ शकतो. मोठ्या कंपनीपुढे आपल्याकडे हीच एक गोष्ट जास्त आहे.

चौथी गोष्ट, आठवण. गिऱ्हाईक नाराज नसतं, ते विसरलेलं असतं. डबा रिकामा होतो, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून पाकीट येतं, विषय संपला. म्हणून तुमचा माल किती दिवस पुरतो ते शोधा. चार माणसांच्या घरात अर्धा किलो मसाला साधारण दोन-अडीच महिने जातो, असं आम्हाला गिऱ्हाइकांशी बोलूनच कळलं. मग सातव्या-आठव्या आठवड्यात एक मेसेज: 'काकू, मसाला संपत आला असेल ना? शनिवारी कांडप आहे, ठेवू का अर्धा किलो?' एकदाच. उत्तर नाही आलं तर गप्प बसायचं. रोज सकाळी फुलांचा फोटो आणि खाली ऑफर असं करणाऱ्याला लोक म्यूट करतात, तुम्हीही करताच की!

इथे एक कामाची टीप. व्हॉट्सअॅप बिझनेस ॲपमध्ये लेबल असतात. 'सप्टेंबर', 'कमी तिखट', 'परदेशी मुलाला पाठवतात' अशी लेबलं लावून ठेवा. आणि ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. म्हणून पार्सलमधल्या चिठ्ठीवर लिहा, 'हा नंबर सेव्ह करा, नवीन घाणी झाली की कळवू.'

शेवटची गोष्ट, फसवू नका. 'फक्त दोन उरले!' असं लिहायचं आणि मागे पोतं भरलेलं. याला सरकारने २०२३ मध्ये डार्क पॅटर्नच्या यादीत टाकलंय. एकूण १३ प्रकार आहेत त्यात. न मागता बिलात काहीतरी घुसवणं हाही त्यातलाच. एकदा विकायचं असेल तर या युक्त्या चालतातही. पण आपला हिशोब पाचव्या ऑर्डरचा आहे ना?

तर मंडळी, आज एक काम करा. नवीन पोस्ट टाकायच्या आधी वही घ्या आणि गेल्या सहा महिन्यांतली गिऱ्हाइकं लिहून काढा. एकदाच आलेली किती, दोनदा आलेली किती? एकदाच आलेल्यांपैकी पाच जणांना फोन करा. काही विकू नका, फक्त विचारा, 'माल कसा वाटला?' आणि मग गप्प राहून ऐका. त्या पाच फोनमध्ये जे कळेल, ते मला व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या भागात त्यावरच बोलू. भेटूया!