बूटवाले आणि अनवाणी



चर्चच्या इतिहासात ‘कॅल्स्ड’ असा एक शब्द भेटतो. लॅटिन भाषेत ‘काल्केउस’ म्हणजे बूट. म्हणून कॅल्स्ड म्हणजे बूट घालणारे व्रतस्थ आणि ‘डिसकॅल्स्ड’ म्हणजे ते उतरवलेले.

गंमत अशी, की कार्मेल संघाचे बंधू आधीपासूनच बूट घालत, पण त्यावरून त्यांना कोणी नाव दिले नव्हते. १५६२ साली स्पेनमधील आविला येथे संत तेरेसांनी संत योसेफाचा मठ स्थापून जुना कडक नियम पुन्हा पाळायला घेतला. १५६८ मध्ये क्रूसाचे संत योहान यांनी दुरुएलो येथे बंधूंसाठी तेच केले. हे ‘अनवाणी’ झाले, तेव्हा उरलेले ‘बूटवाले’ ठरले!

पुढे वाद पायांपुरता राहिला नाही. डिसेंबर १५७७ मध्ये जुन्या शाखेच्या बंधूंनी योहानांना पकडून तोलेदोच्या मठात कोंडले. पुढच्या ऑगस्टमध्ये ते तिथून निसटले. एकाच पवित्र मरियेची लेकरे ही! अखेर १५९३ मध्ये अनवाणी शाखा स्वतंत्र संघ झाली. तिचे बंधू पुढे गोव्यातही आले.

आता एक बारीक गोष्ट. हे ‘अनवाणी’ बंधू तागासारख्या दोरीच्या साध्या वहाणा घालत. स्पेनमधले गोरगरीब तशाच घालत. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू वहाणा घेऊ नका म्हणतो, मार्कच्या सहाव्यात त्या घालायला सांगतो. तेव्हा चामड्यावरून कोणाची भक्ती मोजू नये.

पाड्यांवर आलेले काही पाहुणे म्हणतात, “किती साधी माणसं, अनवाणीच आनंदात!” मला हे पटत नाही. तेरेसांना बूट मिळू शकत होते, म्हणून ते नाकारणे हे व्रत झाले. आमच्या मुलींना कोणी विचारलेच नाही. भातखाचरात पायाला चिखल्या होतात, शाळेच्या वाटेवर काटे मोडतात, रात्री सापाची भीती.

म्हणून वसतिगृहात आम्ही मुलांची पावले कागदावर ठेवून मापे घेतो. पावसाळ्याआधी चपला द्यायच्या तर आधी ही मापे आमच्याकडून मागून घ्या. मागे पट्टा असलेल्या, चिखलात टिकणाऱ्या, आणि नव्या. घरातले जुने बूट कृपया पाठवू नका.