भगिनींचे हास्य आणि भगिनींचा हक्क

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त सौंदड येथे आयोजित स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने ताळेबंद वाचता येतो. साहित्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि चाळीस वर्षे गादीवर बसून एक गोष्ट ध्यानी आली. पुरुष ग्राहक भावावरून हुज्जत घालतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. भगिनी मात्र हसत हसत एकच वाक्य अशा रीतीने बोलतात की दुकानदाराला चार रुपये सोडावेच लागतात. या हास्याच्या सामर्थ्याविषयी आज चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

आपल्या विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणत आल्या आहेत. त्या गाण्यांत सासू, सासरा, नणंद, दीर कोणाचीही गय केलेली नाही. राजस्थानातून येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांत लग्नप्रसंगी व्याह्यांना उद्देशून गाळ गाण्याची रीत आहे, तीही याच जातीची. स्वयंपाकघरात जे उच्चारणे अशक्य होते, ते अंगणात सुरात म्हणण्यास मुभा होती. परंतु गाणे संपले, खिरापत वाटली गेली, की सून पुन्हा चुलीपुढे. मन हलके झाले, स्थिती तशीच राहिली. मुभा दिवस ठरवून मिळते. हक्काला तिथी पाहावी लागत नाही.

तिथीची वाट न पाहणारी स्त्री आपल्याच विदर्भात होऊन गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक विधवेला नवजात अपत्याच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध पुण्यात छापून प्रसिद्ध केला. स्त्रियांवर केले जाणारे दोषारोप त्यांनी एकेक करून उचलले आणि पुरुषांच्याच पदरात टाकले. पती हा देव असेल तर त्याने देवासारखे वागावयास नको काय, असा त्यांचा साधा प्रश्न. स्वतः पोशाख, खाणेपिणे बदलून साहेबी थाट करणारे पुरुष धर्म राखण्याचा भार तेवढा बायकांवर टाकतात, याचीही त्यांनी मनसोक्त खिल्ली उडविली आहे. (पोशाखाचा विषय माझ्या धंद्यातला असल्याने तो भाग मला विशेष भावला.) निबंधावर टीका झाली तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. तरीही ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. हा निबंध स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशित करेपर्यंत ९३ वर्षे लोटली. एका बुद्धिमान स्त्रीच्या उपहासाला समाजाने उत्तर दिले नाही. विस्मरणाने तो बंद केला. टीकेपेक्षा ही शिक्षा मला कठोर वाटते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा बाज निराळा. नागपूर, राजनांदगाव ही आपल्या परिचयाची गावे त्यात येतात. वडिलांचे कडक सोवळे, पतीचे धर्मांतर, ताटातूट, एवढे दुःख सोसूनही त्यांनी कोणाला शाप दिला नाही. हसत हसत सांगितले, आणि सोवळ्याचा फोलपणा वाचकाला आपोआप दिसला. पुढे १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक आणले. हुंडा व मुलीच्या जन्माचे दुःख यांवर गाण्यांतून, विनोदातून प्रहार करीत ते गावोगाव गेले. पुरुषही हसले, हे त्याचे मोठे यश.

आता जरा अवघड विषय. हिंदू वारसा कायदा १९५६ आपणा जैनांनाही लागू आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासमान सहदायाद मानले. मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद ठेवला नाही. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. कायदा एवढा निःसंदिग्ध असताना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोडपत्रे मात्र नित्य होतात, आणि त्यांवर बहुधा बहिणींच्याच सह्या असतात. स्वेच्छेने सोडणे हा त्याग होय, त्याची थोरवी आपणास सांगावयास नको. परंतु काय सोडतो आहोत हे न सांगता घेतलेली सही त्यागात मोडत नाही. भाऊबीजेच्या सुमारास दुकानात आलेल्या एक वृद्ध भगिनी म्हणाल्या होत्या, “भावाने साडी दिली सातशेची, अन् सही घेतली सात एकराची!” सारे दुकान हसले. साडी घेण्यास आलेला एक गृहस्थ तेवढा हसला नाही.

विश्वस्त मंडळास एक विनंती. महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत महिला मंडळाची नाटिका दुपारी तीन वाजता ठेवलेली आहे. त्या वेळी आम्ही सारे दुकानात असतो. ती रात्री साडेआठला, मुख्य सभेत घ्यावी आणि पुरुषांची भाषणे, माझ्यासह, दुपारी तीनला ठेवावीत.