सोलोव्हेत्स्कीच्या भिंती

इतिहासातील हत्याकांडांचे पाप कोणाच्या पदरात घालावयाचे, धर्माच्या की निरीश्वरवादाच्या? हा वाद रंगला म्हणजे एक पक्ष धर्मन्यायालयांच्या चितांकडे बोट दाखवितो, तर दुसरा स्टालिनच्या छावण्यांकडे. दोहोंचा पुरावा एकाच ठिकाणी पाहावयाचा असेल, तर रशियाच्या उत्तरेस श्वेतसमुद्रातील सोलोव्हेत्स्की बेटांकडे वळावे लागते.

पंधराव्या शतकात तेथे एक ख्रिस्ती मठ स्थापन झाला. पुढे सतराव्या शतकाच्या मध्यास धर्मप्रमुख निकॉन याने पूजाविधी बदलले. क्रुसाची खूण दोन बोटांनी न करता तीन बोटांनी करावी, हा त्यांतीलच एक बदल. मठातील साधूंना तो मानवला नाही. (आडव्या-उभ्या गंधावरून जेथे वाद झाले, त्या देशातील श्रोत्याने या बोटांच्या वादास फारसे हसू नये.) १६६८ साली झारच्या सैन्याने मठास घातलेला वेढा आठ वर्षे चालला. अखेर १६७६ मध्ये फितुरीने तट पडला आणि आतील बहुतेकांची कत्तल झाली. मारणारे व मरणारे, दोघेही एकाच ख्रिस्ताचे नाव घेत होते.

१९२३ साली, ईश्वर नाही असे शिकविणाऱ्या राजवटीने त्याच आवारात श्रमछावणी उघडली. बिशप आणि पुरोहित तेथे खितपत पडलेच. पण झारशाहीविरुद्ध लढलेले समाजवादीही तेथे कैदी होते. त्याच डिसेंबरात, सायंकाळी सहानंतर बाहेर फिरू नये हा हुकूम त्यांनी मानला नाही, तेव्हा पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. सहा जण बळी पडले.

धर्मनिष्ठ म्हणतो, तो धर्म नव्हे, ते झारचे राजकारण. निरीश्वरवादी म्हणतो, देव नाकारल्याने छावणी उभी राहत नाही, ती हुकूमशाहीने उभारली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र जी सवलत स्वतःस हवी, ती प्रतिपक्षास द्यावयास कोणीच तयार नसतो. शिवाय पहिल्याने हे विसरू नये की ते सैन्य चर्चची आज्ञा मनवण्यासाठीच आले होते. आणि दुसऱ्याने हे, की सोव्हिएत राज्यात नास्तिक्य हे सरकारी धोरण होते व पुष्कळ पुरोहित केवळ पुरोहित म्हणूनच पकडले गेले. दोन्ही वेळी अपराध मात्र एकच ठरला: सत्तेने नेमून दिलेल्या सत्याहून निराळे मत.

१९३७ च्या शरदऋतूत या बेटांवरील अकराशेहून अधिक कैद्यांना सांदार्मोखच्या अरण्यात नेऊन ठार करण्यात आले. त्यांच्या याद्या पुढे सरकारी दप्तरात सापडल्या. त्यांत पुरोहित आहेत आणि साम्यवादीही आहेत.