तव्यावरची कोवळी भेंडी

(निलंगा परिसरातील भाजीपाला उत्पादकांसमोर केलेले भाषण)



भेंडीची लागवड, खते आणि फवारणी यांवर आपण नेहमीच बोलतो. आज ती तव्यावर कशी भाजावी हे सांगणार आहे. मात्र या भाजीची सुरुवात चुलीपाशी होत नाही, शेतात होते.

परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी क्रांती' हा भेंडीचा वाण १९८५ साली आला. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या हळद्या रोगाला प्रतिकारक म्हणून तो देशभर गेला. पण वाण कोणताही असो, चव ठरते ती तोडणीवर. फूल उमलल्यापासून पाच ते सात दिवसांत फळ तोडावे. शेंडा बोटाने वाकवताच कट्कन मोडला तर भेंडी कोवळी. नुसता वाकला तर ती जून, तंतुमय झाली असे समजावे. तोडणी एक दिवसाआड करावी. जून फळे झाडावर राहिली की नवी फळे कमी लागतात.

आपल्याकडे कोवळा माल लातूरच्या बाजाराला जातो आणि राहिलेली जून भेंडी घरच्या टोपलीत येते. मग पोरे भाजी बाजूला सारतात आणि दोष मात्र स्वयंपाक करणारीला लागतो. तेव्हा प्रत्येक तोड्यातून अर्धा किलो कोवळी भेंडी आधी घरासाठी काढून ठेवावी. चार माणसांना ती पुरते.

आता कृती. भेंडी अखंडच धुवावी, कोरड्या फडक्याने पुसावी आणि मगच चिरावी. भेंडीतील चिकट द्रव्य पाण्यात फुगते, म्हणून चिरल्यावर धुतलेली भेंडी तार सोडते. देठ काढून बोटाएवढ्या भेंडीचे उभे दोन भाग करावेत. लोखंडी तवा चांगला तापवून त्यावर भेंडी एका थरात पसरावी. गर्दी झाली तर ती भाजण्याऐवजी वाफेवर शिजते. म्हणून दोन वेळा भाजावी, पण झाकण ठेवू नये. चार-पाच मिनिटांनी कडा तांबूस झाल्या की दोन चमचे करडईचे तेल सोडावे. त्यात ठेचलेला लसूण व हिरवी मिरची घालून परतावे. मीठ अगदी शेवटी टाकावे, कारण मिठाने पाणी सुटते. वरून मूठभर शेंगदाण्याचे कूट आणि लिंबू पिळावे. आंबटपणाने उरलेली तारही कमी होते. गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत, हे औषधाच्या लेबलावर व माहितीपत्रकात छापलेले असते. ते वाचल्याशिवाय पंप खांद्याला लावू नये. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, म्हणून नेमकी इथेच घाई होते. आंतरप्रवाही औषध फळाच्या आत गेलेले असते. ते धुण्याने निघत नाही आणि भाजल्याने जाईल असाही भरवसा धरू नये. भेंडीसाठी शिफारस नसलेले, कपाशीचे उरलेले औषध तर या पिकावर मुळीच मारू नये.

घरासाठी दोन ओळी वेगळ्या राखून बाजारच्या मालावर हवे ते मारणे, हा यावरचा उपाय नव्हे. लातूरला भेंडी घेणाऱ्याच्या घरीही लेकरे जेवतात. जी भेंडी आपण आपल्या ताटात निर्धास्तपणे वाढू, तीच बाजारात न्यावी.