चिमूटभर हळद



खेळताना तुम्ही पडता. गुडघा खरचटतो. आजी जखम धुते आणि डब्यातली चिमूटभर हळद त्यावर लावते. ही हळद डब्यात कशी येते, ठाऊक आहे का?

सांगली भागात हळदीची शेती होते. शेतकरी जमिनीतून हळदीचे कंद खणून काढतात. ते पाण्यात शिजवतात, उन्हात पसरून कडक वाळवतात आणि घासून गुळगुळीत करतात. झाली हळकुंडे! ती कुटून दळली, चाळली की पिवळीधमक पूड तयार होते. औषधासाठी ही पूड कापडातून गाळतात. तिला वस्त्रगाळ चूर्ण म्हणतात.

जखमेवर हळद लावावी, हे आपल्याकडे घरोघरी माहीत होते. पण १९९५ साली अमेरिकेत एक नवल घडले. तेथील मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना याच उपयोगाचे पेटंट मिळाले! पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा हक्क. ज्याच्याकडे तो असतो, त्याच्या परवानगीशिवाय त्या देशात इतरांना तो शोध वापरता येत नाही.

पण हा शोध नवा होता का? मुळीच नाही. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने या पेटंटला हरकत घेतली. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे प्रमुख होते.

“आमच्या आज्या हेच करत आल्या आहेत,” एवढे तोंडी सांगून भागणार नव्हते. अमेरिकेच्या कायद्याला परदेशातला लेखी पुरावा हवा होता. मग शोध सुरू झाला. जुने ग्रंथ उघडले गेले. १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय मासिकात छापलेला लेख सापडला. असे ३२ पुरावे सादर झाले. अखेर १९९७ साली ते पेटंट रद्द ठरले.

पुढे भारताने आयुर्वेदासारख्या जुन्या शास्त्रांतील ज्ञान संगणकात नोंदवायला सुरुवात केली. पेटंट देणारी परदेशी कार्यालये आता ते पाहू शकतात.

मुलांनो, आज घरी एक काम करा. तुळस, अडुळसा, सुंठ यांपैकी एकीची माहिती आजीआजोबांना विचारा. ती कशी वाळवतात, कशी कुटतात, कशासाठी वापरतात, ते वहीत लिहा. खाली सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालायला विसरू नका. लिहिलेले टिकते आणि वेळेला कामी येते!