घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे
(पालक मेळाव्यातील व्याख्यान)



घरात कोणी मोठ्याने घोरू लागले की आपण म्हणतो, "अब्बा दमून आलेत, बघा कसे गाढ झोपलेत!" आणि वर्गात पेंगणाऱ्या मुलाला आपण आळशी ठरवून मोकळे होतो. या दोन्ही समजुतींचा पुन्हा विचार करावा, एवढीच माझी आजची विनंती आहे.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा आतून मिटतो. छाती धडपडते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकतो, माणूस मोठा श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही! श्वास अडण्याचे किंवा मंदावण्याचे हे प्रकार तासाला ३० किंवा अधिक वेळा घडले, तर डॉक्टर त्यास तीव्र विकार म्हणतात. याच्या जोडीला उच्च रक्तदाब आढळतो आणि गाडी चालवताना डोळा लागण्याचा धोका असतो.

१९८० पर्यंत तीव्र रोग्यासाठी खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणे. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे एका रोग्याने ही शस्त्रक्रिया नाकारली. तेव्हा डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी त्याच्या नाकावाटे सौम्य दाबाने सतत हवा सोडून पाहिली. सायकलची चपटी ट्यूब हवेने फुगते, तसा त्याचा मिटणारा घसा उघडा राहिला. पाच रोग्यांवरील हा अनुभव १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज जगभर वापरले जाणारे 'सीपॅप' यंत्र ते हेच. मात्र यंत्र घेऊन कोपऱ्यात ठेवल्याने गुण येत नाही. ते रोज रात्रभर लावावे लागते. स्थूल व्यक्तीने वजन घटवल्यासही त्रास कमी होतो.

मुलांमध्ये याचे नेहमीचे कारण म्हणजे वाढलेले टॉन्सिल व ॲडिनॉइड. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची झोप, वर्तन व एकूण स्वास्थ्य अधिक सुधारले. लक्ष देण्याच्या चाचणीत मात्र ठळक फरक पडला नाही. सात महिने केवळ देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांपैकीही जवळजवळ निम्म्यांच्या झोपेची तपासणी पुढे सामान्य निघाली. म्हणजे शस्त्रक्रियेने मूल एकदम हुशार होईल अशी आशा धरू नये, आणि प्रत्येक मुलाला ती लागतेच असेही नाही. निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

पालकहो, आपले काम सोपे आहे. मूल बहुतेक रात्री घोरते का, तोंड उघडे ठेवून झोपते का, मध्येच श्वास थांबून दचकते का, हे चार रात्री जागून पाहा. तसे दिसल्यास कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हीच पाहणी तुम्ही करा. झोपलेल्या माणसाला आपला आजार स्वतःला दिसत नाही.

मुलाला "ढ" म्हणण्यापूर्वी त्याची झोप एकदा पाहा, इतके सांगून मी आपली रजा घेतो.